विहिरीतला क्यू

मी एक जुना लाकडी क्यू आहे, मित्रांनो. इंग्रजी अक्षरांमधला तो गोल, खाली शेपूट असलेला. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच माझा आकार. तोफांची, किल्ल्यांची, तलवारींची आत्मवृत्तं तुम्ही पुष्कळ वाचली असतील, पण तसलं शौर्य माझ्याकडे मागू नका. मी जन्माचा भित्रा आहे. मला करवतीची भीती वाटते, वाळवीची वाटते, चुलीची तर फारच वाटते. पण सगळ्यांत जास्त भीती वाटते ती विहिरीची, आणि आज मी तुम्हाला तेच सांगणार आहे.

आमची वस्ती गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या पुढे माळावर. त्या साली पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. जनावरं चारा छावणीला गेली आणि सहकारी दूध संस्थेचे कॅन अंगणात पालथे पडले. संस्थेचा एक सिमेंटचा हौद होता. पूर्वी त्यात दुधाचे कॅन थंड राहायला ठेवत. आता टँकर आला की त्याचं पाणी त्या हौदात सोडत आणि हौदाच्या तोटीतून वस्ती पाणी भरत असे. टँकर एक दिवसाआड यायचा, कधी तोही चुकायचा. पुढच्यांना चांगलं पाणी मिळे, मधल्यांना गढूळ, आणि मागे राहिलेल्यांना रिकामी घागर घेऊन घरी जावं लागे. साहजिकच पुढे कोण उभं राहणार यावरून रोज भांडण होई. एकदा तर घागरी एकमेकींच्या डोक्यात बसल्या.

आधी आकड्यांचे बिल्ले करून पाहिले. तर एक नंबर कुणाचा यावरूनच जुंपली. मराठी अक्षरं घ्यावीत, तर ज्याच्या आडनावाचं अक्षर तो म्हणणार ते माझंच. शेवटी संस्थेचे चेअरमन सर्जेराव यांनी तोडगा काढला.

"इंग्रजी अक्षरं घ्या," ते म्हणाले. "त्यान्ला ना जात, ना भावकी. ती कुनाच्याच बापाची न्हाईत, म्हंजी समद्यांची सारकीच."

सगळ्यांना ते पटलं. मित्रांनो, चूक झाली ती इथेच. पण ती चांगल्या मनाने केलेली चूक होती, आणि अशा चुका लवकर सापडत नाहीत.

शहादेव सुताराने एका वाळलेल्या लिंबाच्या खोडातून आम्हाला कापून काढलं. करवत पहिल्यांदा अंगावरून गेली तेव्हाच माझा धीर सुटला. माझी शेपटी कापताना लाकूड चिरलं. "लई नखऱ्याचं अक्षर हाय हे," असं म्हणत त्याने मला बाजूला फेकलं. चुलीत जायची वेळ आली असं मी समजलो. मग त्याने काय विचार केला कुणास ठाऊक, एक बारीक खिळा ठोकून त्याने माझी शेपटी जागेवर बसवली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एका पोत्यावर मांडलं आणि प्रत्येक घराने एकेक अक्षर उचललं. सर्जेरावांनी ई घेतला, कारण तो त्यांना दाताळ्यासारखा वाटला. अक्षरांपेक्षा एक घर जास्त होतं, म्हणून दोन भावांनी मिळून डब्ल्यू घेतला. मला कोण घेणार? माझी तर शेपटी खिळ्यावर लटकत होती. मी खाली मान घालून पडून राहिलो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईने वाकून मला उचललं आणि सगळ्यांना दाखवलं.

"ही बघा, काठोकाठ भरल्याली घागर! मला हीच द्या."

ती चतुराबाई. निळ्या झेंड्याजवळच्या घरात ती आणि तिची लेक मनकर्णा अशा दोघीच होत्या. चतुराबाईचा नवरा वारला होता आणि मनकर्णा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मला कुणीतरी आनंदाने निवडलं, याचा मला फार अभिमान वाटला. आणि लगेच भीतीही वाटली. ही बाई मला भरलेली घागर समजते आहे, आणि मी तर नुसतं लाकूड आहे!

आता आमचं काम कसं चाले ते ऐका. संस्थेचे सेक्रेटरी राधाकिशन यांच्याकडे इंग्रजी-मराठी पॉकेट डिक्शनरी होती. टँकर रिकामा झाला की ते डोळे गच्च मिटून तिचं पान उघडायचे आणि त्यावर बोट ठेवायचे. बोटाखाली जो पहिला पाच अक्षरी शब्द सापडेल तो त्या फेरीचा शब्द. पाचच अक्षरं का, तर सहा अक्षरांच्या शब्दात राधाकिशन स्वतःच अडखळत. ते मोठ्याने स्पेलिंग वाचत, मग अर्थ सांगत. "आर-आय-व्ही-ई-आर, रिव्हर, रिव्हर म्हणजे नदी!" की त्या त्या घराच्या बायका पुढे येऊन आपापलं अक्षर हौदाच्या काठावर ओळीने मांडत, अक्षर दोनदा आलं तर दुसऱ्या जागी खडा ठेवत. शब्द पुरा मांडल्याशिवाय तोटी उघडायची नाही, हा पक्का नियम होता, कारण सुरुवातीला कुणी कुणी शब्दात नसलेलं अक्षर पुढे करून पाणी लांबवलं होतं. शब्दात जितक्या वेळा अक्षर तितक्या घागरी. मग पुढचा शब्द. असं पाणी संपेपर्यंत.

गंमत म्हणजे सगळ्या वस्तीला हा नाद लागला. धुण्याच्या दगडावर बायका एकमेकींना विचारत, "क्लाउड म्हंजी काय गं?" आणि दुसरी आभाळाकडे बघून म्हणे, "जो येत न्हाई त्यो." एकदा ओशन निघाला. ओशन म्हणजे महासागर. त्या दिवशी टँकर नेमका अर्धाच भरून आला होता. रांगेतले सगळे पोट धरून हसले. शीप निघाला, शीप म्हणजे मेंढी, त्यात ई दोनदा, म्हणून चेअरमनच्या घरी दोन घागरी गेल्या. ब्रेडमध्ये ई, टेबलमध्ये ई, स्टोनमध्ये ई. जवळजवळ प्रत्येक शब्दात तो असायचाच. ए, आर, टी यांनाही काही कमी नव्हतं. एक्स, झेड माझ्यासारखेच कोरडे, पण त्या घरांना भावकीतून घागर मिळे. सर्जेरावांनी ई मुद्दाम थोडाच घेतला होता? पण त्यांच्या रांजणाला कधी तळ दिसला नाही, हे खरं.

आणि मी? मी चतुराबाईच्या कमरेला, ओच्यात खोचलेला, कान देऊन ऐकत राहायचो. टेबल. हॉर्स. शुगर. पेपर. प्रत्येक शब्दाला माझं काळीज धडधडे, आणि प्रत्येक शब्द मला वगळून पुढे जाई. मला तर आणखी एक खोड होती. इंग्रजीचा रिवाजच असा आहे की माझ्यामागे यू उभा असल्याशिवाय मला शब्दात घेतच नाहीत. मी एकटा कुठे जाऊ शकत नाही. यू शेजारच्या सिंधुबाईकडे होता. सिंधुबाई रांगेत चतुराबाईला म्हणायची, "मावशी, तुमच्या अक्षराला माझी सोबत लागती, माझ्याला तुमची लागत न्हाई. बघा कसा न्याव हाय!" आणि घरी जाताना कधी कधी आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी मावशीच्या घागरीत ओतायची. पण तिच्याही घरी लेकरं होती. तांब्याच्या पुढे तिचाही हात जात नव्हता.

चतुराबाई एकदा राधाकिशनकडे गेली. "भाऊ, कावून येत न्हाई माझं अक्षर? काय पाप केलंय त्यानं?"

"मावशी, मी डोळे झाकून पान उघडतो," राधाकिशन म्हणाले. "माझ्या हातात काय हाय?"

तिच्या कमरेला मी होतो. मला जमिनीत तोंड लपवावंसं वाटलं. तिला भरलेली घागर वाटलो होतो ना मी!

त्यात मनकर्णा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीला पाणी लागतं, बाळाच्या कपड्यांना लागतं, काढा, अंघोळ, सगळ्याला पाणीच. घरात पाणी नाही, आणि रांगेत उभं राहून मिळत नाही. मग चतुराबाईने वस्तीमागच्या जुन्या विहिरीत उतरायला सुरुवात केली.

मित्रांनो, त्या विहिरीबद्दल सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो. आतल्या दगडी पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या. ज्या उरल्या होत्या त्याही हलायच्या. खाली उतरावं तसा उजेड कमी होत जाई आणि ओल्या मातीचा कुबट वास येई. तळाशी एका कपारीतून पाणी पाझरे. चतुराबाई वाटीने ते घागरीत भरे आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन त्याच पायऱ्यांनी वर येई. वस्तीतलं कुणी तिथे उतरत नसे. मी ओच्यात असल्यामुळे प्रत्येक वेळी मलाही उतरावं लागे. एखादा दगड हलला की माझी शेपटी थरथरे. "चल रं, भिऊ नको," ती पुटपुटायची. ती ते मला म्हणायची की स्वतःला, हे मला कधीच कळलं नाही.

मनकर्णाला आई कुठून पाणी आणते हे माहीत होतं. तीही आतून घाबरलेली होती. ती दहावीपर्यंत शिकली होती. तिने राधाकिशनकडून एक दिवसासाठी डिक्शनरी मागून आणली आणि मांडीवर बाळ घेऊन माझी पानं चाळली. "आई, ऐक. क्वीन म्हंजी राणी. क्विल्ट म्हंजी गोधडी. क्वाएट म्हंजी शांत. समद्यात पाचच अक्षरं हायेत."

चतुराबाईचे डोळे चमकले. "राणीत बी हाय? गोधडीत बी हाय?" तिने मला ओच्यातून काढलं आणि कौतुकाने पाहिलं. मग हळूच म्हणाली, "शब्द हायेत गं त्याच्याजवळ. निघतच न्हाईत फक्त."

डिक्शनरी परत द्यायला मनकर्णा स्वतः गेली. अंगात ताकद नव्हती, तरी गेली. संस्थेत राधाकिशन आणि सर्जेराव दोघेही बसले होते. मनकर्णा म्हणाली, "काका, एक डाव डोळे उघडे ठेवून पान उघडा की. आई विहिरीत उतरतीय."

राधाकिशनने सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेराव काही दुष्ट माणूस नव्हते. पण भांडण मिटवलेल्या माणसाला ते पुन्हा उकरलं जाईल याची फार धास्ती असते. "पोरी, एकीसाठी डोळे उघडले की उद्या समदे म्हनतील, आमच्यासाठी उघड. मग पुन्ना डोकी फुटतील. नियम म्हंजी नियम. तुझ्या आईला म्हनावं विहिरीत उतरू नको. येईल तिचं बी अक्षर."

राधाकिशनने डिक्शनरी ठेवून घेतली. मनकर्णा परत आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

पुढच्या टँकरच्या दिवशी सगळी वस्ती हौदाकडे गेली. चतुराबाईने घागर उचलली आणि विहिरीची वाट धरली. तिचा हिशोब साधा होता. आपलं अक्षर काही निघत नाही. मग उन्हात रांगेत उभं राहून काय उपयोग? आज सगळे तिकडे आहेत, विहिरीत पाणी साचलं असेल, दोन खेपा होतील.

पहिली खेप झाली. दुसऱ्या खेपेला, उतरतानाच, मधली एक पायरी तिच्या पायाखालून निसटली.

मला नीट आठवत नाही. आधी दगडांचा आवाज झाला, मग घागरीचा, मग चतुराबाईचा. आम्ही तळाच्या चिखलात पडलो. तिचा एक पाय घसरत आलेल्या दगडाखाली सापडला होता. तिने ओढून पाहिला, पण तो निघेना. तिने हाका मारल्या. "मनकर्णे! सिंधू! अगं कुनी हाय का?" आवाज भिंतींवर आपटून खालीच परत येई. वस्तीत ऐकायला होतंच कोण? वरून बारीक माती सारखी पडत होती. आणखी एक दगड सुटला तर? मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी लाकूड. आणि मी एकटा. यू नाही, कुणी नाही. ज्या अक्षराला सोबतीशिवाय कुणी विचारत नाही, ते विहिरीच्या तळाशी काय करणार?

तिने मला ओच्यातून काढलं आणि मुठीत घट्ट धरलं. हाका थांबल्या. ती फक्त "लेकराला पानी, लेकराला पानी" असं पुटपुटत राहिली, आणि तेही हळूहळू कमी झालं. मित्रांनो, त्या शांततेएवढी भीती मला आजवर कशाची वाटली नाही.

तिकडे हौदावर काय घडलं ते मला नंतर यू-ने सांगितलं. राधाकिशनने पान उघडलं, बोट ठेवलं आणि वाचलं, "क्यू-यू-आय-सी-के. क्विक. क्विक म्हणजे लवकर."

रांगेत एकच गलका झाला. "निघाला! चतुराबाईचा क्यू निघाला!" इतक्या दिवसांनी! लोकांना खरंच आनंद झाला. सिंधुबाईने यू ठेवला. आय आला, सी आला, के आला. सुरुवातीची जागा मात्र मोकळीच. लोकांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "क्यू कुठं हाय? ए चतुरामावशी!" ऊन चढत होतं. कुणीतरी वैतागून म्हणालं, "जाऊ द्या, चार अक्षरांवर सोडा तोटी." सर्जेराव म्हणाले, "न्हाई. शब्द पुरा झाल्याबिगर तोटी उघडायची न्हाई. जा, बोलवून आना तिला."

सिंधुबाई घराकडे पळाली. दारात मनकर्णा बाळाला छातीशी धरून उभी होती. ती रडतच म्हणाली, "आई कवाची विहिरीवर गेलीय. हाका मारून मारून माजा घसा बसला. गलक्यात कुनीच ऐकंना, आन लेकरू घिऊन चालवंना."

सिंधुबाई ओरडतच हौदाकडे पळाली, आणि सगळी वस्ती घागरी टाकून विहिरीकडे धावली.

तळाशी मला आधी पावलं ऐकू आली. मग वरून माझं नाव. "क्यू! ए क्यू!" चतुराबाईला आता अक्षराच्याच नावाने हाक मारायची सवय झाली होती लोकांना. वर उजेडात सिंधुबाईचं तोंड दिसलं आणि ती किंचाळली, "हाय! हाय हितंच! दोर आना!" डब्ल्यूवाले दोघे भाऊ दोर बांधून खाली उतरले. त्यांनी दगड सारला, चतुराबाईला वरून सोडलेल्या बाजेवर घातलं आणि वर काढलं. पाय मोडला होता. पण श्वास चालू होता.

उन्हात आल्यावर तिने डोळे उघडले. मूठ अजून मिटलेलीच होती. सिंधुबाईने तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडले. चतुराबाईने ते गिळले आणि विचारलं, "माझं अक्षर निघालं का गं?"

"निघालं मावशी," सिंधुबाई म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं.

राधाकिशन पुढे आले. "आबा," ते सर्जेरावांना म्हणाले, "मी आज डोळे झाकले न्हवते. मुद्दाम क्यूचं पान काढलं. नियम मोडला मी."

"आधीच मोडायचा न्हाई का, बे!" सर्जेराव म्हणाले. मग ते स्वतः हौदाकडे गेले, तोटी उघडली, घागर भरली आणि खांद्यावर घेऊन मनकर्णाच्या दारात उतरवली. पाणी डुचमळून त्यांचा सदरा भिजला होता. परत येऊन ते म्हणाले, "उद्यापासून अक्षरं बंद. ज्या घरात जितकी तोंडं तितकं पानी. बाळंतिणीचं घर पयलं. आन वाटायच्या आधी समदी घरं आली का ते बघायचं."

बीडला नेऊन चतुराबाईच्या पायाला प्लास्टर घातलं. ती पुढे कायमची लंगडत चालली, पण चालली. आम्हा अक्षरांचं काम संपलं. आम्हाला एका पोत्यात भरून संस्थेच्या खोलीत, पालथ्या कॅनांमागे टाकलं. पाऊस आला, जनावरं परत आली, दुधाचे कॅन भरले, आणि आमची आठवण कुणाला राहिली नाही. झेडला दाराखाली पाचर म्हणून सरकवलं. एम उंदरांनी कुरतडला. अंधारात मी यू-ला चिकटून पडून राहायचो आणि दर थोड्या वेळाने विचारायचो, "आहेस ना रे?" तो बिचारा प्रत्येक वेळी "आहे" म्हणायचा.

एके दिवशी संस्थेची खोली झाडली तेव्हा मनकर्णाने आमचं पोतं उलटं केलं आणि मला ओळखलं. यू-लाही तिने सोबत घेतलं, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन. आता आम्ही दोघे तिच्या घरात, फळीवर असतो. वाळवीची भीती आहेच, पण ती सोसता येते.

एक भीती मात्र मला सोसवत नाही, मित्रांनो. त्या दिवशी राधाकिशनने नेहमीसारखे डोळे गच्च मिटले असते तर? एखादं पान मागे उघडलं असतं, आणि पर्स निघाली असती. पर्स म्हणजे पैशांची पिशवी. पी, यू, आर, एस, ई. सगळे हजर होते. वस्तीने हसत हसत पाणी भरलं असतं आणि भरल्या घागरी घेऊन आपापल्या घरी गेली असती. विहिरीजवळून जाणाऱ्या वाटेवर कुणी वळलंही नसतं. आणि त्यांपैकी एकही माणूस वाईट नव्हता.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे जे काही वाटायचं असेल, पाणी असो, खाऊ असो, खेळातली पाळी असो, त्याचे नियम खुशाल करा, भांडणं टळतात. पण रांगेत जो दिसत नाही तो कुठे आहे, ते आधी जाऊन बघा. मग तोटी उघडा.